बाटलीभर कच्चं तेल

३ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या गुडघ्यांची आणि जिभेची तब्येत कशी आहे? जिभेची काळजी नाही म्हणा.

नववीला कच्च्या तेलाचा धडा सुरू केलाय. कंगवा, पेन, रेनकोट, सिरिंज असं टेबलावर मांडलं आणि सांगितलं, की हे सगळं एका काळ्या द्रवातून निघतं. पोरं हसली. तेलशुद्धीकरण कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली पोरं, पण कच्चं तेल एकानेही पाहिलेलं नाही! पालकसभेत मी हे बोलून दाखवलं. आमच्या मॉनिटर मुलीचे वडील कारखान्यात टाक्यांवर कामाला आहेत. त्यात काय एवढं, बाटलीभर आणून देतो म्हणाले. मुलगी अशी फुलली की विचारू नकोस.

लोभ टोमण्यांसकट चालेल.

तुझी,
ठमी


७ ऑगस्ट

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

जीभ ठणठणीत आहे. तुमच्या कॉलनीचा फोन लागेना, म्हणून ती कागदावर चालवते. जन्मभर रसायन शिकवलं, तेही नन्सच्या नजरेखाली. अक्कल गहाण ठेवून एकही प्रयोग केला नाही. कच्चं तेल म्हणजे दुकानातलं रॉकेल नव्हे, बाई. टाकीचं झाकण उघडलं की विषारी गॅस बाहेर येतो; आधी सडक्या अंड्यांचा वास येतो, मग येईनासा होतो. वाटतं वास गेला. गेलेलं असतं नाक, आणि पाठोपाठ माणूस. त्या गृहस्थांना आजच्या आज थांबव. कारखान्याच्या प्रयोगशाळेतून सीलबंद नमुना मागव. अर्जावर सही करायला तुमच्या मुख्याध्यापिकेचा हात मोडलाय का?

लोभ आहेच, वाढवायचा की नाही ते तुझ्या उत्तरावर ठरेल.

आत्या


१८ ऑगस्ट

ती. आत्यास,
नमस्कार.

तुझं पत्र अकरा तारखेला आलं. ते दहा तारखेलाच गेले.

ड्यूटी संपल्यावर एकटेच टाकीवर चढले होते. झाकण उघडं आणि शेजारी ते. हातात औषधाची रिकामी बाटली. लेकीनेच धुऊन दिली होती.

तेल चोरायला चढला, असं कारखान्याने लिहिलंय. चोराच्या बायकोला क्वार्टर ठेवता येत नाही; महिनाअखेर खाली करायचं आहे. मुख्याध्यापिकांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. शाळा कारखान्याची आहे, पालकसभेत कोण काय बोललं ते कुणालाच आठवत नाही, तुम्हालाही आठवू नये, असं म्हणाल्या. मधल्या सुट्टीत पोरं तिला चोराची मुलगी म्हणतात. ती पहिल्या बाकावर बसते, आत्या. मी काय करू?

ठमी


२२ ऑगस्ट

चि. ठमीस,
आशीर्वाद. धपाटा या वेळी नाही.

काय करू म्हणून मला विचारतेस? बाटलीभर कच्चं तेल चोरून तो माणूस काय करणार होता, पोळ्या लाटणार होता? चौकशीचे साहेब डोकं घरी कपाटात ठेवून येतात वाटतं! मागणारी तू होतीस. जा आणि तोंडाने सांग. नोकरी जाईल, जाऊ दे. माझ्याकडे दोन खोल्या आहेत आणि एक खाष्ट म्हातारी. पण गप्प बसलीस, तर माझी पायरी चढू नकोस. हे रागाने नाही, शांत डोक्याने लिहिते आहे.

लोभ सध्या राखून ठेवलाय.

आत्या


२९ ऑगस्ट

ती. आत्यास,
नमस्कार.

सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, शिपायाला पंखा वाढवायला सांगितलं आणि चोरी खोडून ‘परवानगीविना, स्वतःच्या जबाबदारीवर’ असं घातलं. माझा आणि शाळेचा उल्लेख कुठेच नाही. चोर हा शब्द गेला, एवढंच. क्वार्टर गेलंच. मलाही सोमवारपासून येऊ नका म्हणालेत. पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे पोचते.

आज त्यांचा टेम्पो निघाला. तिच्या आईने माझ्याकडे पाहिलं नाही. मुलगी मात्र उतरून आली. नव्या शाळेत हा धडा परीक्षेला असेल का, असं विचारलं. असेल म्हटलं. तर तिथेच रस्त्यात उभी राहून, कच्चं तेल तापवलं की मनोऱ्यातून काय काय निघतं ते तिने खालून वर म्हणून दाखवलं. डांबर, वंगण, डिझेल, रॉकेल, पेट्रोल. सगळ्यात वर गॅस, हे तिला येतं; वर्गात पहिला हात तिचाच होता. पण ती पेट्रोलवर थांबली, आणि पुढचं मी विचारलं नाही.

ठमी