रोल संपवायला काढलेला फोटो

रविवार, १६ नोव्हेंबर. आर. के. पुरम, दिल्ली.

रेवतीचा कॅमेऱ्याचा रोल बाथरूममध्ये धुऊन दोरीवर वाळत टाकलाय. नाशिकची मुलगी, फिल्म-कॅमेरावाल्यांच्या ग्रुपवरची ओळख. स्पितीहून परतताना एअरपोर्टच्या एक्स-रेने न धुतलेली फिल्म खराब होण्याची भीती, म्हणून रोल माझ्याकडे सोडून गेली. आम्ही एकमेकांसाठी एवढं करतोच.

छत्तीस फोटो. पस्तीस डोंगर, शेवटची मी. दारात, हातात चहाचा ट्रे, हसतेय. नेगेटिव्हमध्ये माझे पांढरे केस काळेभोर! "काकू, अशाच थांबा, हलू नका," म्हणाली होती. मी हललेच नाही. किती वर्षांनी कोणीतरी मला असं थांबवलं. घरातले सगळे फोटो मीच काढलेले, त्यामुळे मी कुठेच नाही.

दुपारी तिला फोन केला. डोंगर छान आलेत म्हटलं. मग मुद्दाम शेवटच्या फोटोचा विषय काढला.

"अहो काकू, तो रोल संपवायला काढला. स्कॅन नाही केलात तरी चालेल."

बिल्कुल बरोबर. मीही तेच करते, समोर दिसेल ते टिपते आणि रोल गुंडाळते. मग एवढं का लागलं मला?

आता सहा-सहाच्या पट्ट्या कापायच्या. शेवटच्या पट्टीत पाच डोंगर आणि सहावी मी. तेवढी चौकट कापून ठेवून घ्यावी म्हणून कात्री दोनदा उचलली. छे! दुसऱ्याचा रोल आहे.

उद्या अख्खी पट्टी कुरिअरने जाईल. नाशिकला का होईना, कोणाच्या तरी घरात माझा एक फोटो असेल.