बारा बोल्टांचा कान

३ नोव्हें., सोम.
वीस वर्षांत आज पहिल्यांदा ड्रॉइंगवर ‘मंजूर’च्या रकान्यात माझी सही. साहेब म्हणाले, "आता तुम्हीच करत जा. मला बारीक आकडे दिसत नाहीत, तुमच्या चुका कशा दिसणार?" आमच्या ऑफिसात याला शाबासकी म्हणतात.
काम वाघोलीच्या वर्कशॉपचं. अठरा टनांचं व्हेसल, म्हणजे पोलादी टाकी, भट्टीत तापवून झालेलं. म्हणजे आता त्याला वेल्डिंगचा ठिपकाही लावायचा नाही. मग उभं करायचं तर क्रेन अडकवणार कुठे? वरच्या तोंडाच्या फ्लँजवर, म्हणजे भोकं असलेल्या कडेवर, जाड झाकण, झाकणावर उचलायचा कान, म्हणजे हूक अडकवायची भोकाची पट्टी, आणि बारा बोल्ट. सगळं माझं. दिवसभर हवेत होते, खोटं कशाला बोलू.

१० नोव्हें., सोम.
वाघोली. झाकण बसवताना गायकवाडमामा, तिथले सगळ्यात जुने फिटर, दोन बोल्ट घालून थांबले. "मॅडम, कान तिरका हाय."
शक्यच नाही म्हटलं. मग पाहिलं. तिरकाच.
फ्लँजची भोकं मध्यरेषेवर कधी घेत नाहीत, रेषेच्या दोन बाजूंना घेतात. हे पहिल्या वर्षी शिकवतात! आणि मी झाकणाचं एक भोक बरोब्बर रेषेवर काढलंय. म्हणून कान पंधरा अंश फिरला. उचलताना त्याला आडवा ओढा बसणार, आणि तो सोसायला मी कान केलेलाच नाही.
मामा: "मधी नवी भोकं पाडू का? कुणाला कळतंय?"
"मामा, झाकण हवंय, चाळणी नको."
हसलो दोघं. बसमध्ये मात्र रडू आलं. आठ दिवसांत सहीचा अधिकार जाणार बहुतेक.

११, मंगळ.
साहेबांना सांगून टाकलं.
"चूक सापडली कोणाला?"
"गायकवाडमामांना."
"मग ‘तपासणार’च्या रकान्यात त्यांचं नाव घाला. मंजुरी तुमचीच. आणि ग्राहकाला फोनही तुम्हीच करायचा."
केला. ग्राहकाने कारण नीट विचारून घेतलं. मग गुरुवारचं उचलणं शनिवारवर ढकललं. हुश्श.
घरी नवऱ्याने, नितीनने, भाजी केलेली, मीठ विसरला. वरून मीठ घेऊन खाल्ली. मी कोणत्या तोंडाने बोलणार!

१३, गुरु.
कान कापून, सरळ करून पुन्हा वेल्ड केला. झाकणावर चालतं, ते व्हेसलचा भाग नाही. वेल्ड तपासला, वजन लावून ओढूनही पाहिलं.
पण कापायच्या आधी, नव्या ड्रॉइंगवर सही करण्यापूर्वी, ते मामांपुढे उलगडलं. त्यांनी रेषेवरून बोट फिरवलं. "आता बराबर हाय." वीस वर्षं ही माणसं माझी ड्रॉइंगं वाचताहेत, मी एकदाही विचारलं नव्हतं. मग चहा, गप्पा. फार बरं वाटलं.

१५, शनि., वर्कशॉपच्या आवारात
एक क्रेन कानाला, दुसरी बुडाला; दोन्ही क्रेननी आडवं व्हेसल वीतभर उचलून थांबवलंय. आधी थोडं उचलून थांबायचं, सगळं नीट पाहायचं, मगच पुढे. रीतच आहे. मामा लांबूनच एकेक बोल्ट निरखताहेत.
ग्राहकाच्या माणसाने विचारलं, "कानाचं डिझाइन कोणाचं?"
"माझं." आवाज जरा मोठाच निघाला.
उभ्याउभ्याच लिहितेय, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण आज इथे सोडून दुसरीकडे कुठे असावंसं वाटत नाही.
मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी क्रेनवाल्याला खूण केली. व्हेसल वर चाललंय, कान सरळच.