थंड विहिरीचा म्हातारा

दुसरा महिना, नववा दिवस

आज परत तेच! कागदावर डोंगर अर्धा झाला नाही तोच बाबा मागे येऊन उभे. "हा कुणाचा?" म्हणजे कुठल्या जुन्या चित्रकाराचा. "माझा" म्हणायची सोय नाही. आमच्या सूचौ शहरात चांगल्या घरातला प्रत्येक डोंगर कुणा ना कुणा मेलेल्या माणसाचा असतो, आणि कोपऱ्यात तसं लिहावं लागतं — अमक्याच्या हाताप्रमाणे. अठ्ठावीस वर्षांची झाले. त्यातली बारा वर्षं मेलेल्यांचे डोंगर काढण्यात गेली.

खरी टेकडी खिडकीतून दिसते, कालव्यापलीकडे. बुटकी, डोकं सपाट, कुणीतरी वर बसून उठून गेल्यासारखी. मला ती काढायचीय. एकदा तरी, मला दिसते तशी.

अकरावा दिवस

काढली! हात थांबेचना.

मग आलंच — "हा कुणाचा?" तोंडातून निघून गेलं, "थंड विहिरीच्या म्हाताऱ्याचा." असा कुणी झालेलाच नाही! थंड विहीर आमच्या परसात आहे, तिच्यात आम्ही कलिंगडं गार करतो.

बाबा दाढी कुरवाळत राहिले. "हं. त्याचे उतार असेच असतात."

माहीत नाही म्हणतील तर ते बाबा कसले! मीही गंभीर चेहऱ्यानं कोपऱ्यात म्हाताऱ्याचं नाव लिहिलं.

बारावा दिवस

हसून हसून पोट दुखतंय.

तिसरा महिना, चौथा दिवस

शांगसाहेब आले. यांचा चित्रांचा संग्रह मोठा, तोंड त्याहून मोठं. माझी टेकडी बघून म्हणतात, "अरे वा, म्हातारा! माझ्याकडे दोन आहेत त्याची. पण पोरी, उतार जरा कच्चा जमलाय हो. मूळ जास्त दमदार आहे."

मूळ!!

बाबा शांतपणे चहा ओतत होते. "शेवटी शेवटी फार प्यायचा म्हणतात," म्हणाले. "आणि खेकड्यांवर भारी जीव." शांगसाहेबांनी लिहून घेतलं!

सातवा दिवस

शांगसाहेब गावभर सांगत सुटलेत. आज दोघं मुद्दाम टेकडी बघायला आले. "काय नजर म्हाताऱ्याची! दुसऱ्या कुणाला असं दिसलंच नसतं." मी शेजारी चहाचं तबक धरून उभी. मला दिसलं होतं ते. मला! रडू आलं. स्वयंपाकघरात पळाले, तर चिरायला कांदेही नाहीत — नुसता मुळा.

आठवा दिवस

बाबांना सांगून टाकायचं ठरवलं. पण शांगसाहेबांचं हसं होईल, घराची नाचक्की होईल, आणि बाबा माझ्या हातात परत कुंचला देतील का? जेवताना कसंबसं म्हटलं, "बाबा, तो म्हातारा —"

"मासा गार होतोय," बाबा म्हणाले.

बारावा दिवस

बाबा दार लावून बसलेत. शाईसुद्धा स्वतः उगाळतात, मला हाक नाही. सकाळी विहिरीवर वाकून उभे होते.

"काही पडलं का, बाबा?"

"नाही गं. बघत होतो."

पंधरावा दिवस

बाबांचं नवं चित्र भिंतीवर लागलंय. टेकडी. बुटकी, सपाट डोक्याची. कोपऱ्यात त्यांचं अक्षर, खाली त्यांचा लाल शिक्का: "विहिरीत वाकून पाहिलं, म्हातारा कुणी नव्हता. माझी मुलगी ताओ लान्यिंग, तिच्या हाताप्रमाणे."

किती वेळ बघत उभी होते. उतार जरा कच्चा जमलाय त्यांना. मूळ जास्त दमदार आहे.