बाबांचा घास

३ सप्टेंबर, सकाळ
आईच्या स्वप्नात काल बाबा आले. उपाशी! जाऊन वर्षही झालं नाही. आई म्हणाली, मी रोज भिक्षूंच्या पात्रात भात घालते, तो बाबांना पोचतो, पण त्यांना मुलाच्या हातचा घास हवाय. एवढंच ना? उद्यापासून पहाटे आईशेजारी चटईवर बसणार. गाइड माणूस पहाटे उठतोच. काम सोपं आहे.

४ सप्टेंबर
उठलो वेळेवर. पण ग्रुप होता. लाओसला, लुआंग प्रबांगला येऊन भिक्षाफेरी पाहिली नाही तर पाहिलं काय, हे वाक्य माझंच. रस्त्याच्या एका बाजूला आई गुडघे टेकून, दुसऱ्या बाजूला मी, फ्लॅश नको, फ्लॅश नको करत. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी छत्री उघडली. पाऊस नव्हता.

६ सप्टेंबर
अपराधी वाटतंय. आईसाठी नदीचं तळलेलं शेवाळ आणलं, तीळ लावलेलं. तिला नीट समजावलंही: मी एवढ्या लोकांना पुण्यकर्माची ओळख करून देतो, त्याचा वाटा बाबांना पोचत असणारच. उलट जास्तच. आई म्हणाली, मग त्यांना फोटो पाठव, तेच खातील.
शेवाळ मीच संपवलं.

८ सप्टेंबर
आज ग्रुप नव्हता. पाऊस मात्र होता. काल धबधब्याच्या पायऱ्या चढून पाय भरून आले होते. पावसात भिक्षू निघणार नाहीत असं वाटलं, पडून राहिलो. निघाले. दरवर्षी निघतात.
संध्याकाळी एल्सा भेटली. हॉलंडची नर्स, उंचच उंच. विचारत होती, मला पहाटे भिक्षा घालायला बसता येईल का? तिला तासभर सांगितलं. रस्त्यावरचा शिळा भात घ्यायचा नाही, घरी वाफवलेला हवा. खांद्यावर उपरणं. नजर खाली. आणि मुख्य म्हणजे मन तिथे पाहिजे. इतकं सुंदर बोललो की माझेच डोळे भरून आले. तिला आईकडे पाठवून दिलं.

१० सप्टेंबर
उद्या अमावस्या. मेलेली माणसं जेवायला येतात तो सण. उद्या चुकलो तर बाबा परत उपाशी जाणार. चुकणार नाही. फोन बंद. एल्सा म्हणे काल आणि आज, दोन्ही पहाटे आईकडे होती. चांगलंय, आईला सोबत.

११ सप्टेंबर
अंघोळ केली. बाबांचं उपरणं घेतलं. आईशेजारी बसलो, पलीकडे एल्सा. मांडीवर गरम भाताची टोपली. आई हसली. मला रडूच येणार होतं.
रांग वळणावर आली आणि त्याच वेळी होड्यांच्या शर्यतीला आलेला ग्रुपही आला. एक बाई रस्त्याच्या मधोमध, भिक्षूंकडे पाठ करून सेल्फी काढायला लागल्या. फक्त त्यांना बाजूला करायला उठलो. तेवढ्यात कोणी विचारलं, वस्त्रं केशरीच का? अर्धवट उत्तर देणं माझ्या स्वभावात नाही.
वळून पाहिलं तर रांग गेलेली. टोपली भरलेली.
मग धावलो. ओल्या रस्त्यावरून, टोपली घेऊन, शेवटच्या भिक्षूच्या मागे. ते देवळात शिरले. मी दारात आडवा. भात चिखलात. ग्रुपने व्हिडिओ काढला आणि टाळ्या वाजवल्या.
आई आली, रिकामी टोपली उचलली आणि एल्साबरोबर घरी गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

१३ सप्टेंबर
आई सकाळपासून खुशीत. बाबा आले होते म्हणे. पोटभर जेवलेले, गाल वर आलेले. भात गरम होता म्हणाले. ती उंच मुलगी कोणाची, असंही विचारलं.
मी भीत भीत म्हटलं, आणि माझ्याबद्दल?
विचारलं ना, आई म्हणाली. रांगेमागे धावत होता तो कोण, म्हणाले.
मग तू काय सांगितलंस?
काय सांगणार, म्हणाली. गाइड आहे म्हटलं.