विसूभटावरचा बहिष्कार

१ ऑगस्ट १९५७, गुरुवार.
पहाटे जाग आली ती पाट्यांच्या आवाजानं. आमच्या गावच्या शाळेत पंतोजी कविता म्हणायला लावत आणि आम्ही सगळी पोरं पाटीवर बोटांनी ठेका धरत असू. टक टक टक. पन्नास वर्षं होऊन गेली, पण कानात अजून स्वच्छ. डोळे मिटून पडून राहिलो. मग कालचं आठवलं आणि डोकं तापलं.

काल बुधवार. खालच्या मजल्यावरच्या रमाकांतच्या खोलीत रेडिओवर ‘आमचे विसूभट’. महिनाभर अख्खी चाळ तिथं जमते. म्हणे विनोदी. विसूभट म्हणजे एक म्हातारा भटजी, स्वभावानं गरीब. सत्यनारायण सांगता सांगता शाळेतल्या कविता म्हणत सुटतो आणि मग कितवा अध्याय चाललाय हेच विसरतो. यात हसण्यासारखं काय? लोक मात्र हसले, आणि हसताना माझ्याकडे बघत होते. पंधरा ऑगस्टचा चाळीचा सत्यनारायण स्वातंत्र्य मिळाल्यापासून मी सांगतोय. त्याची ही किंमत.

निश्चय: रेडिओवाल्यांना कडक पत्र. आजच.

३ ऑगस्ट, शनिवार.
पत्र सुरू केलं. सुरुवातीला एखादी चांगली कविता घालावी असं वाटलं. कोणती, हे ठरवण्यात दुपार गेली. इतक्या सुंदर कविता, आणि आजच्या पोरांना एक येत नाही. संध्याकाळी शाई संपली. हल्ली शाईसुद्धा पाणचट येते. उद्या.

५ ऑगस्ट, सोमवार.
श्रावणी सोमवार. रमाकांतच्या आईनं, राधाबाईंनी, सत्यनारायण घातला होता. चौथ्या अध्यायात साधुवाण्याची नौका आली. नौका म्हटल्यावर मला शाळेतली नावाड्याची कविता आठवली. प्रसंगाला धरूनच होती. म्हटली. सगळी कडवी. मग दुसरा अध्याय पुन्हा सांगितला, तो मुद्दाम. पोरांचं लक्ष नव्हतं. कोपऱ्यातून कुणीतरी ‘विसूभट’ म्हणालं. राधाबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. प्रसादाचा शिरा गार झाला, तोही म्हणे माझ्यामुळे.

आता पक्कं कळलं. रेडिओवाल्यांनी मला चोरलंय. कुणीतरी गुपचूप येऊन माझी पूजा ऐकून गेलंय. विसूभटात आणि माझ्यात काडीचं साम्य नाही, हेही इथं लिहून ठेवतो.

७ ऑगस्ट, बुधवार. जेवणानंतर.
निश्चय होता की ऐकायचं नाही. ही गेली, मी घरी बसलो. चाळीच्या भिंती पातळ, त्याला माझा इलाज नाही. नीट ऐकू येईना म्हणून गॅलरीत उभा राहिलो, केवळ चुका टिपायला. आज विसूभट चष्मा शोधत होता. देवाच्या पाटाखाली, यजमानाच्या खिशात, शिऱ्याच्या पातेल्यात. शेवटी चष्मा नाकावरच. लोक लोळून हसले. कोणता शहाणा माणूस नाकावरचा चष्मा शोधतो? खोटारडेपणाला काही मर्यादा?

ही डोळे पुसत परत आली. म्हणाली, किती गोड माणूस आहे हो. इतक्या वर्षांच्या संसारात मला कधी गोड म्हटलेलं आठवत नाही.

८ ऑगस्ट, गुरुवार.
पत्रबित्र नको. चळवळ हवी. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागायला अख्खं गिरगाव रस्त्यावर उतरतं, निवडणुकीत भल्याभल्यांना आडवं करतं. मग एक रेडिओ बंद पाडता येणार नाही? रमाकांत चाळीच्या कमिटीचा सेक्रेटरी. त्याला अल्टिमेटम दिला. बुधवारी रेडिओ बंद, नाहीतर पंधरा ऑगस्टच्या पूजेवर माझा बहिष्कार. विचार करतो गुरुजी, म्हणाला. ओठ घट्ट मिटले होते, खांदे थरथरत होते. घाबरलाय.

१० ऑगस्ट, नारळी पौर्णिमा.
समजूत घालायला अजून कुणी आलं नाही. शरमले असतील. हिला सांगून ठेवलं, कुणी आलं तर झोपलेत म्हण. पहिल्याच हाकेला उठणं बरं दिसत नाही. कुणी आलं नाही. दिवसभर पडून पाठ धरली. नारळीभात बरा होता.

१३ ऑगस्ट, मंगळवार.
ही बातमी घेऊन आली. कमिटीनं दुसरी सोय केली. विसूभटाचं काम करणारा नट रमाकांतच्या बँकेतल्या कुणाच्या तरी ओळखीचा निघाला. पूजा तो सांगणार. संतापानं जेवलो नाही, नुसता ताकभात घेतला. नटाकडून संकल्प? उद्या रेडिओवर डॉक्टर झालेल्या माणसाकडून इंजेक्शन टोचून घ्याल? राधाबाईंचं म्हणणं, इतका सात्त्विक आवाज, देवाला चालेल. म्हणजे माझा आवाज देवानं दहा वर्षं नुसता सोसला.

हिला विचारलं, तू जाणार? म्हणाली, आरतीचं ताट माझ्याकडे आहे. घरातच फितुरी.

दुपारी पोथी काढली. फडकं सोडलं, पुन्हा बांधलं.

१४ ऑगस्ट, बुधवार. दुपार.
केळीचे खुंट घेऊन पोरं जिन्यात दंगा करताहेत. मला कुणी काही विचारलं नाही. निश्चय: उद्या सकाळीच माहीमला भावाकडे निघून जायचं. पोथी बरोबर न्यायची, म्हणजे मागायला आले तर मिळणार नाही. मग रडा.

हे लिहितोय तोच दारावर थाप. बाहेरून आवाज: “गुरुजी, आहात का घरात?” विसूभट. तोच थरथरता, म्हातारा आवाज.

दार उघडलं. पंचविशीतला पोरगा. बुशशर्ट, चापूनचोपून बसवलेले केस. म्हणाला, मी जगदीश, लालबागला राहतो, विसूभट मीच करतो. आता आवाज एकदम कोवळा. राधाबाईंना नाही म्हणता आलं नाही, पण रेडिओत समोर कागद असतो. पूजेतलं आपल्याला काही येत नाही. शिकवाल का?

मी ताठ उभा राहिलो. चोरीची कबुली आता येणार हे मला दिसत होतं. विचारलं, माझ्याचकडे का आलात?

तो म्हणाला, “खाली राधाबाई म्हणाल्या, वरचे गुरुजी तुमची हुबेहूब नक्कल करतात. पूजेसकट.”

त्याला दारातच उभं ठेवून हे लिहितोय. ही म्हणते, आत घ्या, पाट मांडलाय. घेतो. शिकवतोही, उद्या चाळीची अब्रू जायला नको. पण आधी पोथी आणि चष्मा. पोथी मिळाली. चष्मा मघापासून शोधतोय, शिऱ्याच्या पातेल्यातसुद्धा बघून झालं. चष्म्याशिवाय मला एक अक्षर दिसत नाही.

पोरगा दारातून माझ्या नाकाकडे टक लावून बघतोय.