ड्रायव्हर सापडेपर्यंत संगणक भंगारात देऊ नये

मी, अनंता धर्मा नाखवा, वय वर्षे एकाहत्तर, राहणार कोळीवाडा, मुरुड, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. डोके तापलेले आहे, पण ताळ्यावर आहे. कोणी धाक घातलेला नाही. घातला असता तरी मी ऐकणाऱ्यातला नाही, हे अख्ख्या वाड्याला माहीत आहे.

कलम १. राहते घर व बँकेतली ठेव मुलगी मनाली हिला. जावयांनी ओटीवर गुळगुळीत फरशी बसवू नये. ओल्या पायांची माणसे पडतात.

कलम २. बंदराजवळचा गाळा पुतण्या हितेश याला. याच गाळ्यात मी आधी टेलिफोनचे बूथ चालवले, नंतर मुरुडात इंटरनेट आणले. हितेशने मला जो ताप दिला तो पुढे लिहिला आहे, तरी गाळा त्यालाच. थोरल्या भावाचे तेवढे एकच पोर आहे.

कलम ३. गाळ्यातला जुना संगणक व त्याच्या पोटातले मोडेमचे कार्ड. हे कोणाला द्यावे ते ठरत नाही, कारण ते चालत नाही. का चालत नाही ते सविस्तर लिहितो, म्हणजे माझ्यामागे कोणी "म्हाताऱ्याला खूळ होते" म्हणून मोकळे होणार नाही.

हे मोडेम फोनवरून इंटरनेट तर लावायचेच, शिवाय मी जागेवर नसलो की स्वतः फोन उचलून निरोप साठवायचे. माझी बायको नीराबाई बायकांबरोबर पालीला बल्लाळेश्वराला गेली होती, तेव्हा तिने तिथून फोन केला. मी जेटीवर होतो. यंत्राने फोन उचलला. तिला वाटले मीच आहे. "अवो, पोचलो आमी. दर्शन झालं. तुमी बोलत का न्हाय? रागावलाव? बरं, नका बोलू, मी बोलते." त्यापुढे ती आणखी एक वाक्य बोलते. तेव्हा मी ते ऐकून पोट धरून हसलो होतो. ती गेल्यावर आठवायला बसलो तर ते वाक्य आठवेना. तिचा दुसरा कुठलाही आवाज घरात नाही. फोटो आहेत, पण फोटो बोलत नाहीत.

हितेशने "काका, मशीन स्लो झालंय" म्हणून मला न विचारता संगणक फॉरमॅट केला. निरोपाची फाइल दुसऱ्या कप्प्यात होती म्हणून वाचली. पण ती उघडणारा प्रोग्राम दरवेळी म्हणतो, मोडेम सापडले नाही. मोडेम तिथेच बसलेले आहे. त्याला ओळखणारा ड्रायव्हर तेवढा गेला. ड्रायव्हर इंटरनेटवरून घ्या म्हणतात, आणि इंटरनेट त्याच मोडेमवर होते. कोंबडी आधी की अंडे, हे मला कोणी विचारू नये.

पुढे मोबाइल आले तेव्हा पुन्हा शोध घेतला. ज्या पानावर ड्रायव्हर आहे म्हणतात, तिथे हिरवी बटणे पाच, आणि पाचही भलतेच काही उतरवून देतात. एकाने विषाणू आणला. कार्डावरचा नंबर द्या म्हणतात, तर खाऱ्या हवेने तो नंबर हिरवा करून खाल्ला. एका परदेशी माणसाने हेच कार्ड, हीच अडचण, असे लिहिलेले सापडले. मी देव पावला म्हणालो. खाली त्याचेच उत्तर: "सुटले, धन्यवाद." कसे सुटले ते लिहिले नाही. त्या माणसाला मी माफ केलेले नाही, आणि या मृत्युपत्रानेही करत नाही.

कलम ४. ड्रायव्हरची मूळ सीडी माझ्याकडे होती. ती वहिनी गोदूबाई, म्हणजे हितेशच्या आईने, कावळे बुजावेत म्हणून बोंबील सुकवायच्या बांबूंच्या वलांडीवर टांगली. मला कळेपर्यंत उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने तिच्यातून पलीकडचा समुद्र दिसू लागला होता. तेव्हापासून वहिनीशी मी कामापुरतेच बोलतो. वलांडीचे बांबू माझे आहेत, ते मनालीला. वहिनीला काहीही ठेवलेले नाही. ज्याला काही मिळत नाही त्यालाच साक्षीदार करावे, असे वकील सांगतात. म्हणून त्यांनाच साक्षीदार केले आहे, म्हणजे हे सगळे त्यांना बसून ऐकावे लागेल.

कलम ५. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, तर "मनालीला सांभाळू" वगैरे सांगत बसू नये. मनाली स्वतःला सांभाळते. हितेशने हात जोडून "ड्रायव्हर शोधू" म्हणावे, आणि मग खरेच शोधावा. "सापडला" अशी थाप मारू नये.

पुरवणी. वरील मजकूर मी आज ओटीवर वाचून दाखवला. कलम ४ संपल्यावर गोदूवहिनी म्हणाल्या, "भावजी, ती सीडी नीरानंच बांधलेली. तुमी वरडाल म्हून घाबरली व्हती. मी सांगितलं, माजं नाव घे, माज्याशी न्हाय बोललं तरी चालंल."

मी विचारले, मग इतकी वर्षे गप्प का?

"ती गेल्यावर सांगून काय व्हणार व्हतं? तिच्यावर रागावला असताव. तो राग कुटं नेला असताव?"

म्हणून कलम ४ मध्ये फेरफार करतो. वलांडी, तिचे सगळे बांबू व दोऱ्या गोदूवहिनीला. आता त्यांना मिळकत मिळाल्याने त्या साक्षीदार राहू शकत नाहीत. त्यांचे नाव खोडून, बर्फ उतरवायला आलेल्या रतनला हाक मारून बसवले आहे. त्यालाही सगळे पहिल्यापासून वाचून दाखवले. त्याचा बर्फ वितळला, त्याची भरपाई ठेवीतून द्यावी.

कलम ३ तसेच राहील. ड्रायव्हर सापडेपर्यंत संगणक भंगारात देऊ नये. सापडला, तर ते वाक्य आधी गोदूवहिनीला ऐकवावे.

सीडी अजून वलांडीवर आहे. नीराने बांधली तिथेच ती असू द्यावी. फक्त माझ्या दहाव्याला तेवढ्या दिवसापुरती उतरवावी, कावळ्यांची अडचण होऊ नये.

लिहून ठेवणार: अनंता धर्मा नाखवा (सही)

साक्षीदार: १. निकेत, शेजारी (सही)
२. ~~गोदूबाई नाखवा~~ रतन, बर्फवाला (सही)

खाडाखोड मी स्वतः केली आहे. अ. ध. ना.

मुरुड, दि. ९ नोव्हेंबर २०२४