सुईचं पातेलं

आप्पा, आईनं आज परत तेच काढलं. "मी पातेलं खाली उतरवलं म्हनून ते गेले." चाळीस वर्षं झाली, जावयाचं नावसुद्धा विसरते, पण हे विसरत न्हाय. मी "गप गं" म्हणून उठून जाते.

वडगावच्या घरात पुढं तुमचा माग, आत आईचा सुताच्या कांड्या भरायचा रहाट. साड्या खपल्या नाहीत, पेटीत साठल्या, की माग थांबवायच्या आधी तुम्ही आत हाळी द्यायचात, "बास कर गं, कांड्या भरू नको!" धारवाडला एमेस्सीच्या वर्गात सरांनी फळ्यावर एन्झाइमांची साखळी काढली. पेशीत शेवटचा माल साठला, की तोच मागं जाऊन पहिल्या एन्झाइमाला गप्प बसवतो, म्हणाले. मला हसूच आलं. सुट्टीत तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही गल्लीभर सांगत सुटलात, "पोरीच्या कालेजात आमचाच धंदा शिकवत्यात!"

आणि तो शनिवार. तुमच्या साखरेच्या दुखण्याला रोज इन्सुलिनची सुई लागायची. आई सकाळी काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची. त्या दिवशी तुम्हाला उलट्या, पेजसुद्धा पोटात ठरेना. मी आदल्या दिवशीच परीक्षा संपवून आलते. आईनं पातेलं ठेवलं, तर तुम्ही म्हणालात, "पोटात कण न्हाय, सुई कशाला? सूत न्हाय तर माग कोण चालवतंय व्हय? तूच सांग गं, शिकलीयास की." मला ते लगेच पटलं. "व्हय आप्पा, राहू दे आज." तुम्ही ऐटीत आईला म्हणालात, "बघ, पोरगी बी म्हणती." तिनं पातेलं उतरवलं. रविवारीही ठेवलं नाही. सोमवारी तुम्हाला धाप लागली, तोंडाला पिकल्या फळाचा वास येत होता. दवाखान्यात नेईपर्यंत तुमची शुद्ध गेली, ती परत आलीच नाही.

इन्सुलिन म्हणजे तुमची ती हाळी होती, आप्पा. ती आहे तोवर यकृतातली साखर बनवणारी एन्झाइमं दबून असतात. ती बंद झाली, की पोट रिकामं असलं तरी यकृत आपलं आपण साखर बनवत सुटतं, चरबी जळून रक्त आंबतं. बाहेरून सूत येवो न येवो, आतला रहाट फिरतच राहतो. थांबवणारं कुणी नसतं.

आई तिथंच उभी होती. माझा शब्द तिनं ऐकलाय. तरी माझं नाव कधी घेत नाही. "तू ल्हान हुतीस, तुला काय कळणार," म्हणते. आणि मी ऐकून घेते! आप्पा, मला कळत होतं. त्याच गुरुवारी पेपरात विचारलं होतं, उपाशीपोटी इन्सुलिन नसेल तर यकृतात काय होईल. दोन पानं लिहिली होती मी, एक ओळ चुकली नाही. दोन दिवसांनी माझा बाप समोर पडलेला, आणि मला एक ओळ आठवली नाही. कसली मी शिकलेली! हे आईला सांगायला किती वेळा बसले, तोंडच उघडत नाही.

आत्ताही ती समोर लसूण सोलत बसलीय. तिला वाचता येत नाही. "काय लिवतीस गं एवढं?" विचारलं तिनं.

"काय न्हाय," मी म्हटलं, "वाण्याची यादी."